अधिष्ठात्यांची शाळा

(नभोवाणीवरील भाषण)

वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रमुखांचे शिक्षण हा विषय यावलसारख्या तालुक्याच्या गावी आयुष्य घालवलेल्या एका सेवानिवृत्त शाळामास्तराने बोलावयास घ्यावा, हे आपणांपैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. माझे शिक्षण मॅट्रिक व त्यापुढील अध्यापनाचे प्रमाणपत्र एवढेच. नाडी कशी पाहावी हेही मला ठाऊक नाही. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार तो कोणता, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. माझ्या बचावासाठी मी एकच साक्षीदार पुढे करतो. अमेरिकेत १९१० साली वैद्यकीय शिक्षणाविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याने तेथील वैद्यकीय विद्यालयांची सारी घडीच बदलून टाकली. अमेरिका व कॅनडा या दोन देशांतील १५५ विद्यालये पाहून तो अहवाल ज्याने लिहिला, तो अब्राहम फ्लेक्सनर हा डॉक्टर नव्हता. लुइव्हिल या गावी कित्येक वर्षे स्वतःची शाळा चालवलेला तो एक शाळामास्तर होता! मी फ्लेक्सनर नव्हे, हे सांगावयास नकोच. परंतु शिकवणे म्हणजे काय, याविषयी शाळामास्तराला दोन शब्द बोलता येतात, एवढे त्या उदाहरणावरून सिद्ध व्हावे.

माझा दुसरा अधिकार रोग्याच्या शेजाऱ्याचा आहे. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावर कोणी आजारी पडले, की त्यास प्रथम यावलला किंवा फैजपूरला आणतात. तेथे जमले नाही तर तापी ओलांडून भुसावळला, आणि तेथेही निभावले नाही म्हणजे जळगावला नेतात. रोग्याबरोबर शिधा, अंथरूण आणि घाबरलेले दोन नातेवाईक असतात. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली निघाले. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघावयास २०१८ साल उजाडावे लागले. ज्याला आम्ही गावकरी अजूनही ‘सिव्हिल’ म्हणतो, त्या रुग्णालयावर आता महाविद्यालयाची पाटी लागली आहे. त्या पाटीमागे जो सर्वांत वरच्या खुर्चीवर बसतो, त्याला अधिष्ठाता म्हणतात. आजचे माझे बोलणे त्या खुर्चीविषयी आहे. अमुक एका गृहस्थाविषयी नव्हे.

अधिष्ठाता होणे म्हणजे काय, याची कल्पना आपण क्षणभर करून पाहू. कोणी एक गृहस्थ उत्तम शल्यचिकित्सक म्हणून नावाजलेले असतात. पंचवीस-तीस वर्षे त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, विद्यार्थ्यांना शिकवले, परीक्षा घेतल्या. सेवाज्येष्ठतेने म्हणा, निवडीने म्हणा, एके दिवशी त्यांची नेमणूक अधिष्ठाता म्हणून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलावर काय येते? औषधांच्या खरेदीची फाईल येते. वसतिगृहात पाणी नाही अशी तक्रार येते. परिचारिकांच्या रजा, कंत्राटी सफाई कामगारांचे थकलेले वेतन, प्राणवायूची टाकी, विजेचे बिल, न्यायालयाची नोटीस आणि मंत्रालयाचा तातडीचा दूरध्वनी येतो. शिवाय कोणत्या विषयाला शिक्षक नाही, कोणता विद्यार्थी तीन आठवडे वर्गात आलेला नाही, आणि तपासणीसाठी कोण केव्हा येणार, हीही चिंता त्यांचीच. यांपैकी कोणती गोष्ट त्यांना शल्यक्रियेच्या अभ्यासक्रमात शिकवली होती? एकही नाही. ज्या हाताने आतड्याचे टाके घातले, त्याच हाताने आता अंदाजपत्रक शिवावयाचे आहे!

मला हे ठाऊक आहे, कारण लहान प्रमाणावर माझ्यावरही तोच प्रसंग आला होता. वीसएक वर्षे वर्गात शिकवल्यावर मी सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापक झालो. वर्ग चांगला सांभाळणारा मास्तर शाळाही चांगली सांभाळील, असे वरिष्ठांनी गृहीत धरले आणि मीही धरले. हे गृहीतच मुळात चुकीचे असते, हे कळण्यास मला एक मूल दुखवावे लागले. ती गोष्ट मी पुढे सांगेन.

तत्पूर्वी एका सार्वजनिक घटनेचा उल्लेख करणे भाग आहे. ती आठवली म्हणजे खानदेशातील माणसाची मान आजही खाली जाते. २०२० च्या जून महिन्यात, कोविडची साथ ऐन भरात असताना, जळगावच्या रुग्णालयात दाखल असलेली एक वयोवृद्ध स्त्री आपल्या खाटेवरून नाहीशी झाली. सुमारे आठ दिवसांनंतर त्याच रुग्णालयाच्या शौचालयात तिचा मृतदेह सापडला. अधिष्ठात्यांसह काही अधिकारी निलंबित झाले आणि वर्तमानपत्रांचे रकाने भरले. महाविद्यालय अवघे दोन वर्षांचे, साथ अभूतपूर्व, माणसे अपुरी आणि जी होती तीही जिवावर उदार होऊन राबणारी, हे सर्व खरे आहे. आणि घरात बसून त्यांच्यावर दगड मारण्याचा अधिकार मला नाही. परंतु ती बातमी वाचली त्या रात्री एक शाळामास्तर म्हणून एकच शब्द माझ्या मनात घोळत राहिला. तो शब्द म्हणजे हजेरी.

शाळेत आम्ही रोज सकाळी काय करतो? प्रार्थना झाली की पट काढतो आणि नावे पुकारतो. चाळीस मुले पटावर, सदतीस हजर. मग तिघे कोठे आहेत? एक आजारी, एक मामाच्या गावी, आणि तिसरा? तिसऱ्याचा पत्ता लागेपर्यंत मास्तराला चैन पडता कामा नये. ही काही मोठी विद्या नव्हे. परंतु मोठ्या संस्थेत सारे घोडे येथेच अडते. तेथे प्रत्येकाला आपापले काम ठाऊक असते, आणि सर्वांच्या कामांच्या मधल्या फटीत एक माणूस नाहीसा होतो. ही फट पाहणे हेच प्रमुखाचे काम होय. फट बुजवण्याची रीत कोठेतरी शिकवली जावी लागते. पदवीच्या दाखल्याबरोबर ती आपोआप मिळत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो. एक पावरा मुलगा वारंवार गैरहजर राही. आला तरी खेळाच्या तासाला झाडाखाली बसून राही. मी त्याला आळशी ठरवून मोकळा झालो. नुकत्याच नोकरीस लागलेल्या एक शिक्षिका एकदा माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “गुरुजी, त्याच्या हातापायांचे सांधे सुजतात. मी स्वतः पाहिले आहे. डॉक्टरांना दाखवायला हवे.” मी हातातला कागद खाली न ठेवता उत्तर दिले, “बाई, आपण नोकरीत नव्या आहात. या मुलांची सोंगे तुम्हाला ठाऊक नाहीत.” त्या गप्प झाल्या. पुन्हा त्या विषयावर माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या कोणत्याही विषयावर फारशा बोलल्या नाहीत. वर्षभराने शाळेत आरोग्य तपासणी झाली. एक तरुण डॉक्टर, बहुधा शिक्षण नुकतेच संपवून सेवेसाठी आलेला, त्या मुलाजवळ उकिडवा बसला. मला काही न विचारता त्याने मुलालाच विचारले, “कुठे दुखते, तू दाखव बरे.” रक्त तपासले गेले. सिकलसेल निघाला. हा रक्ताचा आनुवंशिक विकार आमच्याकडील आदिवासी समाजात बराच आढळतो; त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. ज्याला मी आळस म्हणत होतो, ती ही वेदना होती.

मुलगा बचावला, औषधे सुरू झाली. परंतु त्याचे एक वर्ष मी गमावले, आणि त्या शिक्षिकेचा माझ्यावरील विश्वास कायमचा गमावला. त्या दिवशी मला जे कळले, ते आजच्या भाषणाचे सार आहे. माणूस जसजसा वरच्या खुर्चीवर जातो, तसतसे सत्य त्याच्यापर्यंत पोहोचेनासे होते. खालची माणसे खोटे बोलतात म्हणून नव्हे. आपण एकदा, फक्त एकदाच, कागदावरून नजर न उचलता उत्तर दिलेले असते, म्हणून. वर्गातला मास्तर चुकला तर पहिल्या बाकावरचे पोर त्याला चूक दाखवते. मुख्याध्यापक चुकला तर सर्वजण मान डोलावतात. म्हणून प्रमुखाला ज्या शिक्षणाची गरज असते, त्यात नवीन माहिती थोडी आणि ऐकण्याची सवय पुष्कळ, असे प्रमाण असावे लागते.

असे शिक्षण देता येते काय? श्रोतेहो, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. तत्पूर्वी १८२६ साली मुंबईत एक वैद्यकशाळा निघाली होती. ती सहा वर्षांत बंद पडली. नव्या महाविद्यालयाचे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा भर रुग्णशय्येजवळच्या शिक्षणावर होता, आणि शेजारीच जमशेटजी जीजीभाई रुग्णालय उभे होते. त्या महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. आणि सांगावयास अभिमान वाटतो, की वैद्यकीकडे वळण्यापूर्वी तेही एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक होते. म्हणजे फळा आणि रुग्णशय्या यांची सोयरीक आपल्याकडे पहिल्यापासूनच जुळलेली आहे.

तथापि शिकवणाऱ्या डॉक्टरांनी शिकवण्याचे शास्त्र पद्धतशीर शिकावे, ही कल्पना रुजली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठात १९५० नंतरच्या दशकात डॉ. जॉर्ज मिलर व त्यांचे सहकारी यांनी एक अभिनव उपक्रम आरंभला. वैद्यकीय विभागातील प्राध्यापक आपल्याच विद्यापीठातील शिक्षणशास्त्र विभागाच्या लोकांबरोबर बसू लागले. मोठमोठे भिषग्वर मास्तरांच्या मास्तरांकडे धडे घेऊ लागले! त्या अनुभवातून १९६१ साली वैद्यकविद्यालयातील अध्यापनावर एक ग्रंथ निघाला आणि तो दूरवर वाचला गेला. याच मिलर यांनी पुढे १९९० साली एक चार पायऱ्यांचा मनोरा मांडला. विद्यार्थी प्रथम जाणतो. मग कसे करावे हे जाणतो. मग करून दाखवतो. आणि शेवटी, कोणी पाहत नसतानाही, प्रत्यक्ष करतो. परीक्षा बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबते आणि रोग्याचा संबंध मात्र चौथ्या पायरीशी येतो, हे त्यातील मर्म. मला वाटते, हाच मनोरा अधिष्ठात्यांनाही लावून पाहावा. खालच्या माणसाचे ऐकून घ्यावे, हे प्रत्येक प्रमुख जाणतो. परंतु सोमवारी सकाळी, दहा फायली पुढे असताना, एक नवखी परिचारिका दारात उभी राहते. तेव्हा तो हातातला कागद खाली ठेवतो काय? चौथी पायरी ती हीच.

आपल्या देशात १९७० नंतरच्या दशकात पाँडिचेरीच्या जिपमर या संस्थेत वैद्यकीय शिक्षकांना शिकवण्यासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. परंतु शिक्षकांतून नेते घडवण्याच्या दृष्टीने आपल्या महाराष्ट्रात जे घडले, ते विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. २००५ साली मुंबईच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या के. ई. एम. रुग्णालयाच्या महाविद्यालयात, अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील फाइमर या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने एक प्रादेशिक संस्था सुरू झाली. पाठोपाठ लुधियाना व कोइमतूर येथेही अशाच संस्था निघाल्या. मुंबईच्या या कार्यात अग्रभागी असलेले शल्यचिकित्सक डॉ. अविनाश सुपे हे पुढे त्याच महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले, ही गोष्ट माझ्या मते योगायोगाची नव्हे.

या शिक्षणाची रीत मला फार आवडली, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. मुदत दोन वर्षांची. परंतु दोन वर्षे घरदार व नोकरी सोडावी लागत नाही. प्रारंभी काही दिवस सर्वांनी एकत्र राहावयाचे. त्यानंतर सुमारे अकरा महिने आपापल्या महाविद्यालयात काम करीत दुरून एकमेकांशी पत्रव्यवहार ठेवावयाचा. हा पत्रव्यवहार अर्थात संगणकावरून होतो. मग पुन्हा एकत्र जमावयाचे, आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी दुसऱ्या वर्षी नवागतांचे मार्गदर्शक व्हावयाचे. प्रवेश घेतानाच प्रत्येकाने आपल्या संस्थेतील एक खरी अडचण बरोबर आणावयाची असते, आणि तीवर आपल्याच संस्थेत उपाय करून दाखवावयाचा असतो. पाठ्यपुस्तकातील काल्पनिक उदाहरण येथे चालत नाही. शिवाय येथे भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक आणि शल्यचिकित्सक एका वर्तुळात बसतात. कोणीच कोणाचा हाताखालचा नसतो. म्हणून “तुमचे हे चुकते आहे” असे सांगणारा माणूस, पुष्कळ वर्षांनी, पुन्हा भेटतो. वयाच्या पन्नाशीत पहिल्या बाकावरचे ते पोर पुन्हा भेटणे, यासारखे भाग्य नाही!

सरकारी पातळीवरही काही झाले नाही असे नाही. २००९ पासून भारतीय वैद्यक परिषदेने निरनिराळ्या प्रादेशिक केंद्रांमार्फत शिक्षकांचे वर्ग पद्धतशीर चालवावयास आरंभ केला. २०१९ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी नवा, क्षमतेवर आधारलेला अभ्यासक्रम लागू झाला, तेव्हा हजारो शिक्षकांना त्याची तयारी करावी लागली. २०२० साली परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. आणि बढतीसाठी वैद्यकीय शिक्षणपद्धतीचा मूलभूत वर्ग पूर्ण करण्याची अट आली. हे सर्व स्वागतार्ह होय.

परंतु येथे मला एक शंका येते, आणि ती मी स्पष्टपणे बोलून दाखवतो. मी माझ्या नोकरीत कित्येक शिक्षक-प्रशिक्षण वर्ग पाहिले. त्या सर्वांचा आरंभ एकाच प्रकारे होई. मोठे साहेब येत. समई पेटवत. नारळ, शाल व पुष्पगुच्छ स्वीकारत. “शिक्षकाने आजन्म विद्यार्थी राहिले पाहिजे,” असे भाषण करीत. आणि भाषण संपताच, दुसरीकडे अत्यंत महत्त्वाची सभा आहे म्हणून, निघून जात. दिवा लावणारा निघून जाई आणि त्याच्या उजेडात आम्ही कनिष्ठ मंडळी बसून राहू. वर्ग संपवून शाळेत परतलो, नवीन काही करू म्हटले, की तेच साहेब विचारीत, “हे कोणी सांगितले?” शिकलेल्या हाताखालच्याचे शिक्षण न शिकलेल्या वरिष्ठाच्या टेबलावर येऊन संपते, हा माझा अनुभव. वैद्यकीय महाविद्यालयांत याहून निराळे घडत असेल तर मला आनंदच आहे. घडत नसेल, तर उपाय एकच. समई पेटवून झाल्यावर साहेबांनी चप्पल काढून पहिल्या ओळीत बसावे.

यावर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा, की नेतृत्व हे उपजतच असते. ते शिकवून येत नाही. या आक्षेपाला उत्तर के. ई. एम.च्याच इतिहासात आहे. इंग्रजी अमलात वैद्यकीय महाविद्यालयांच्या मोठ्या जागा हिंदी माणसांना सहसा मिळत नसत. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीला अशी अट होती, की येथील अध्यापक हिंदीच असावेत. १९२६ साली ते महाविद्यालय सुरू झाले. डॉ. जीवराज मेहता त्याचे पहिले अधिष्ठाता झाले, आणि १९६० साली हेच मेहता गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. उपजत गुण तर पूर्वीही होतेच. उणीव होती ती संधीची आणि शिक्षणाची.

दुसरा आक्षेप वयाचा. पन्नाशी उलटलेल्या माणसाने आता काय शिकावे? आमच्या भागातील केळीच्या मळ्यात येऊन पाहा, असे मी म्हणतो. आमचे वडीलधारे शेतकरी पाटाने पाणी देत आणि कंद लावून बाग उभी करीत. पुढे ठिबक आले, प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने वाढवलेली रोपे आली. साठी उलटलेले शेतकरी नळीला किती छिद्रे, कोणते खत पाण्यातून केव्हा सोडावयाचे, हे आपल्या नातवाच्या वयाच्या पोरांकडून शिकले. शिकले नसते तर बाग गेली असती. शेतकऱ्याला बाग जाण्याची भीती असते, म्हणून तो शिकतो. अधिष्ठात्याच्या बागेत तर माणसे असतात!

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि तो वेळेचा व बदल्यांचा आहे. आज येथे, उद्या तेथे. कधी कायम, कधी प्रभारी. अशा स्थितीत शिकावयाचे केव्हा आणि शिकलेले वापरावयाचे कोठे? याचे उत्तर अधिष्ठात्यांकडे नाही. ते त्यांना नेमणाऱ्यांकडे आहे. मुख्याध्यापकाला एक वर्षात हलवले, तर त्याला फक्त कपाटांच्या किल्ल्या ठाऊक होतात. मुले ठाऊक होत नाहीत.

मग या अधिष्ठात्यांच्या शाळेत शिकवावयाचे तरी काय? मी चार धडे सुचवतो. पहिला धडा हजेरीचा. आपल्या ताब्यात आज किती माणसे आहेत, काल किती होती, आणि जी दिसत नाहीत ती कोठे आहेत, हे रोज विचारण्याची रीत. दुसरा धडा ऐकण्याचा. सफाई कामगारापासून विभागप्रमुखापर्यंत कोणीही अप्रिय बातमी आणली, तर प्रथम तिचे आभार मानावे आणि मग चौकशी करावी. तिसरा धडा पायऱ्या उतरण्याचा. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली स्थापन केलेल्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी खेड्यात जाऊन राहतात आणि तेथील कुटुंबांशी परिचय करून घेतात. विद्यार्थ्यांना जे लागू, ते प्रमुखांना का नसावे? जळगाव किंवा धुळ्याच्या प्रत्येक अधिष्ठात्याने वर्षातून चार दिवस सातपुड्यातील पाड्यावर घालवावे. आपला रोगी कोणत्या वाटेने आणि किती उशिराने येतो, ते पाहावे. फ्लेक्सनरची एक उणीव येथे आठवते. त्याच्या अहवालाने अमेरिकेचे वैद्यकशिक्षण सुधारले खरे. परंतु त्यानंतर कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकविद्यालयांपैकी पाच बंद पडली. विद्यालये त्याने पाहिली. परंतु ती मिटल्यावर कोणाचे दार बंद होईल, याचा विचार तितका झाला नाही. ज्यांना बोलावलेच नाही, त्यांचेही ऐकावयाचे असते; नाहीतर सुधारकाच्या हातूनही अन्याय होतो.

चौथा धडा वारसाचा. केळ एकदाच घड देते. परंतु घड पक्व होईपर्यंत तिच्या बुंध्याशी पील वाढत असते, आणि जाणता शेतकरी त्यातील एक जोमदार पील राखून पुढची बाग त्यावर धरतो. जो प्रमुख आपल्या हाताखाली कोणाला वाढू देत नाही, तो स्वतःचा घड मोठा करून बाग मोडून जातो. आपल्या पश्चात काम करतील अशी दोन माणसे तयार करणे, हा अधिष्ठात्याच्या परीक्षेतील अनिवार्य प्रश्न असावा.

श्रोतेहो, आपण शहरातील सुशिक्षित मंडळी. आपल्या घरी कोणी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असेल, कोणी शिकवत असेल. मुलाला प्रवेश मिळवताना आपण इमारत पाहतो, खाटा मोजतो, शुल्क विचारतो. येथून पुढे आणखी एक प्रश्न विचारा: “येथील प्रमुख शेवटचे केव्हा शिकावयास बसले होते?” प्रश्न उद्धटपणाने विचारू नका, आदराने विचारा. परंतु विचारा खरे. जी गोष्ट लोक विचारू लागतात, तिची नोंद संस्था ठेवू लागतात.

त्या तरुण डॉक्टराची मला अजून आठवण होते. मुख्याध्यापकाला बाजूला ठेवून तो पोराजवळ उकिडवा बसला होता. असे बसावयास त्याला कोणीतरी शिकवले असले पाहिजे. आणि ज्याने शिकवले, त्याला तसे शिकवू देणारा कोणी प्रमुख त्या महाविद्यालयात असला पाहिजे. त्या प्रमुखाचे नाव मला ठाऊक नाही, त्यालाही माझ्या शाळेचे ठाऊक नसेल. परंतु त्याच्या खुर्चीचा गुण तापी ओलांडून, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका मुलाच्या सुजलेल्या सांध्यापर्यंत पोहोचला. खुर्चीचा दोषही असाच दूरवर पोहोचतो.

मला दिलेली वेळ संपली. माझी हजेरी झाली. आता आपली रजा घेतो.